घरातली आणीबाणीची तयारी: तुमच्याकडे नक्की काय काय ठेवलंय?

स्वराली_के
नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळाय. आम्ही धायरीला चौथ्या मजल्यावर राहतो. आम्ही दोघं, सातवीतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंना इन्सुलिन चालू आहे आणि गुडघ्यांमुळे जिना म्हणजे शिक्षाच. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडच्या एकता नगरीत पुराचं पाणी घुसलं ते सगळ्यांनी बघितलंय. आमच्याकडे पाणी शिरलं नाही पण लाइट गेली, लाइट नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून नळ कोरडे, लिफ्ट बंद, संध्याकाळी फोनही मान टाकायला लागले. तेव्हापासून डोक्यात आहे की ३ दिवस घराबाहेर न पडता निभेल इतकी तयारी हवी. नेटवर याद्या शोधल्या तर सगळ्या परदेशी, डब्यातले बीन्स आणि प्रोटीन बार, ते आमच्याकडे कोण खाणार? नवरा म्हणतो लढाईवर निघालीयेस का.
तर प्रश्न असे: असं काही घरी ठेवता का? एक बॅग भरून ठेवायची की कपाटात एक कप्पा? आणि ठेवलेलं कधी खरंच उपयोगी पडलंय का?

बाणेरचा_बंड्या
ताई, १० मिनिटांत घरपोच आणणारे ॲप आहेत की. पुण्यात राहतो आपण, अंटार्क्टिकात नाही. :D

केतकीचं_बन
बंड्या, त्या दिवशी सिंहगड रोडला कमरेएवढ्या पाण्यात तो दहा मिनिटंवाला पोरगा पोहत येणार होता का? आणि फोन बंद पडल्यावर ऑर्डर कशावरून करणार, कबुतर?
स्वराली, चांगला विषय. वाचनखूण साठवली.

पुणेरीपाटी
पुणेकरांना वेगळी ड्रिल कशाला. "गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने" एवढं वाक्य पेपरात आलं की आमच्या हिचे टोप, पातेली, बादल्या, झालंच तर चहाची किटली, सगळं भरलेलं असतं. त्या दिवशी घरात चालायला जागा नसते.

नारायणपेठी
हसा लेको. "पुण्याला काही होत नाही" हे १९६१ च्या ११ जुलैपर्यंत आमच्या आजोबांचं पण मत होतं. १२ जुलैला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी घुसलं. आजी सांगायची, पाणी ओसरलं तरी हाल संपले नाहीत कारण शहराला पाणी यायचं ते खडकवासल्यातूनच आणि तेच धरण गेलेलं. म्हणजे सगळीकडे पाणीच पाणी आणि प्यायला नाही. वाड्यातल्या विहिरीवर रांगा. गोखलेनगर, लोकमान्यनगर भागातल्या कितीतरी जुन्या घरांना विचारा, मूळ पूरग्रस्त निघतील.
त्यामुळे माझं मत: बाकी काही ठेवा न ठेवा, प्यायचं पाणी ठेवा. माणशी दिवसाला ३ लिटर नुसतं पिण्या-स्वयंपाकाला धरा. चौघं, तीन दिवस, ३६ लिटर. म्हणजे २० लिटरचे दोन जार. एवढी जागा कुठल्याही घरात निघते.

अरण्येश्वरकर
मी थोडा वेगळा सूर लावतो, रागवू नका.
२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. आंबिल ओढा. आम्ही तळमजल्यावर. पाऊस धो धो होता पण ओढा घरात येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पाणी आलं ते काही मिनिटांत, खाली लावलेल्या गाड्या एकमेकींवर चढल्या, दार उघडता येईना कारण बाहेरून पाण्याचा दाब. त्या रात्री शहर आणि आसपास मिळून २० च्या वर माणसं गेली. आमच्याकडे माळ्यावर मोठी सुटकेस भरलेली असती तरी काय केलं असतं? वडिलांना खांद्यावर घेऊन वरच्या मजल्यावर पळालो, अंगावरच्या कपड्यांनिशी. नंतर सहा महिने कागदपत्रांसाठी खेटे घातले ते वेगळंच.
तेव्हा आधी हे ठरवा की तुमच्यावर येऊ शकणारं संकट "घरात बसून काढायचं" आहे का "आत्ताच्या आत्ता निघायचं" आहे. दोन्हीची तयारी एकमेकींच्या उलटी. चौथ्या मजल्यावरच्या ताईंना ३ दिवसांचं सामान लागेल. ओढ्याकाठच्या तळमजल्याला लागेल दाराजवळ टांगलेली छोटी सॅक, पायात घालायला बूट आणि वर कुणाच्या घरी जायचं ते आधीच बोलून ठेवलेलं. ऑरेंज किंवा रेड अलर्टच्या रात्री आमच्या गल्लीत आता एकजण तरी जागा असतो, पाळीने.

केतकीचं_बन
अरण्येश्वरकर, हे वाचून काटा आला. आणि मुद्दा शंभर टक्के पटला. मी पण आत्तापर्यंत "किट" म्हणजे एकच काहीतरी समजत होते.

ओसाकाकर
इथे जपानात येऊन बरीच वर्षं झाली, म्हणून लिहितो. इथे १ सप्टेंबर हा आपत्ती निवारण दिवस, कारण १९२३ चा कांतो भूकंप त्याच तारखेचा. शाळेपासून ड्रिल करून घेतात. पण इथलेही बरेच लोक खास "आणीबाणीचं अन्न" विकत घेऊन ठेवत नाहीत, कारण ते कपाटाच्या मागे पाच वर्षं पडतं आणि फेकलं जातं. पद्धत अशी की जे रोज खातो तेच थोडं जास्त आणायचं, जुनं आधी संपवायचं, संपलं की तेवढंच भरायचं. आमची आई पावसाळ्याआधी कोठी भरायची ते दुसरं काय होतं?
दुसरी गोष्ट म्हणजे निरोप. इथे मोठा भूकंप झाला की १७१ नंबरवर आवाजी निरोप ठेवता येतो, घरच्यांनी तो ऐकायचा. आपल्याकडे तसं नसलं तरी गावाबाहेरचा एक माणूस ठरवा, नागपूरची मावशी म्हणा. पुण्यात सगळे एकमेकांना फोन लावत बसले की लाइन जाम. त्यापेक्षा प्रत्येकाने मावशीला एक एसएमएस टाकायचा. कॉल लागत नसतानाही एसएमएस बऱ्याचदा जातो. आणि मावशीचा नंबर पाठ पाहिजे. आज तुमच्या मुलाला घरच्यांचे किती नंबर पाठ आहेत विचारा.

स्वराली_के
विचारलं. शून्य. स्वतःचा पण नाही, कारण "मी मला कशाला फोन करू" म्हणे. :(

बाणेरचा_बंड्या
लॉजिक आहे पोराचं.

वायरमन_वि
नुसतं सामान सामान चाललंय. माझा धंदा विजेचा, म्हणून तेवढंच बोलतो. २५ जुलै २०२४ ला डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत तिघं गेले ते बुडून नाही, शॉक लागून. पाणी चढायला लागलं की पहिलं काम मेन स्विच बंद, पण तुम्ही आणि स्विच दोघंही कोरडे असाल तरच. मीटरच्या खोलीत पाणी आलेलं असेल तर आत पाय टाकायचा नाही, कितीही शूर असलात तरी. वीज कंपनीच्या १९१२ ला किंवा तुमच्या भागातल्या लाइनमनला फोन.
आणि हे निम्म्या लोकांना माहीत नसतं: इन्व्हर्टर असेल तर मेन पाडल्यावरही घरातल्या काही बोर्डांत करंट असतो! इन्व्हर्टर वेगळा बंद करावा लागतो, नुसतं पुढचं बटण दाबून भागेलच असं नाही, तुमच्या वायरमनकडून एकदा समजून घ्या. तळमजल्यावर इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीवर ठेवतात, ती स्टँडवर उंच घ्या. आणि डीबीमध्ये (घरातल्या स्विचच्या मुख्य पेटीत) आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा स्विच, असेल तर त्याच्यावर टी लिहिलेलं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबा, खटकन पडला तर ठीक, नाही पडला तर बदला. १० सेकंदांचं काम आहे, कोणी करत नाही.

नारायणपेठी
वायरमनसाहेब, आत्ता उठून दाबलं. पडला. पण हिची सिरियल पण पडली, आता घरात वेगळी आणीबाणी आहे.

गोळीडॉक्टर
स्वरालीताई, सासूबाईंचं इन्सुलिन. न उघडलेलं फ्रीजमध्ये, पण फ्रीजर किंवा बर्फाला चिकटून नको, गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यायचं. वापरात असलेलं पेन किंवा व्हायल साधारण ४ आठवडे बाहेर चालतं, ३० अंशांच्या खाली (पाकिटातला कागद वाचा, प्रत्येकाचं थोडं वेगळं). लाइट गेली की मातीच्या माठाची युक्ती: मोठ्या माठात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात प्लॅस्टिकच्या डब्यात इन्सुलिन, वरून ओलं फडकं. पुण्याच्या हवेत हे बऱ्यापैकी गार राहतं. सुया, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि त्याचा सेल विसरू नका. शुगर एकदम उतरली तर खायला साखर किंवा ग्लुकोज त्याच डब्यात.
बाकीच्यांनी: रोजच्या गोळ्या "उद्या आणतो" वर न ठेवता एक आठवडा पुढे असाव्यात. प्रिस्क्रिप्शन कागदावर पण, नुसता फोटो नको. ओआरएसची पाकिटं.
आणि पाणी. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले तेव्हा कळलंच आपल्याला की स्वच्छ दिसणारं पाणी स्वच्छ असतंच असं नाही. पुरानंतर तर नळाला आलेलं पहिलं पाणी खळखळून उकळल्याशिवाय पिऊ नका. गॅस नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा ड्रॉप्स, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात, आणि टाकल्यावर अर्धा तास थांबायचं. लगेच ओतून पिणारे महाभाग मी पाहिलेत.

अक्काताई
अगं बायांनो आणि बाप्यांनो, खायचं काय ते कोणी सांगेना म्हणून मी सांगते. प्रोटीन बार चुलीत घाला. पातळ पोहे, गूळ, शेंगदाणे, डाळं, सातूचं पीठ, मेतकूट, खाकरे, राजगिऱ्याचे लाडू. यातल्या एकालाही गॅस लागत नाही. सातूचं पीठ पाण्यात नाहीतर दुधात गुळाबरोबर कालवलं की जेवण झालं. दुधाची पावडर ठेवा, चहावाचून माणसं एकमेकांवर ओरडायला लागतात हे लिहून घ्या. भाजणी मात्र नको, तिला तवा आला. आणि शुगरवाल्या माणसाला नुसते पोहे-गूळ नको हो, फुटाणे, शेंगदाणे, खारे दाणे वेगळे काढून ठेव स्वराली.
सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात, वर चिठ्ठी, महिना लिहून. आमच्याकडे दिवाळीला हा डबा फराळात संपतो आणि पुन्हा भरतो.

ओसाकाकर
अक्काताई, हे वाचून तिकीट काढावंसं वाटतंय.

पुणेरीपाटी
आमच्याकडे आणीबाणीचे लाडू आणीबाणीच्या आधीच संपतात. मुलगा म्हणतो भूक हीच आणीबाणी.

तिसरा_मजला
सॉरी पण सगळं जरा कैच्याकै होतंय असं नाही का वाटत? भाड्याच्या वन आरकेत तिघं राहतो आम्ही, दोन जार ठेवले तर झोपायचं कुठे. शिवाय घाबरवून सामान विकणारे रील्स वाढलेत, मे २०२५ च्या मॉक ड्रिलच्या वेळी तर प्रत्येकजण बॅग दाखवत होता, चाकू काय, शिट्टी काय, होकायंत्र काय. कोथरूडहून होकायंत्र घेऊन कुठे जायचंय?

अरण्येश्वरकर
होकायंत्राशी सहमत. :) शिट्टी मात्र ठेव रे. ओरडून घसा बसतो, शिट्टी लांब ऐकू जाते, आणि वीस रुपयांना मिळते. बाकी तुझ्या वन आरकेला लागेल ते असं: चार्ज केलेली पॉवर बँक, एक टॉर्च, दोन-तीन बाटल्या पाणी, सुट्ट्या नोटा (यूपीआय बंद पडलं की शंभराची नोट राजा), आधार आणि भाडेकराराची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत. डिजीलॉकरला नेट लागतं, म्हणून पीडीएफ फोनमध्ये उतरवून पण ठेव. हे सगळं कॉलेजच्या सॅकमध्ये मावतं.

तिसरा_मजला
हां, एवढं जमेल.

केतकीचं_बन
टॉर्चवरून आठवलं. मेणबत्त्या ठेवणाऱ्यांनी कृपया लक्ष द्या, अंधारात गॅसचा वास आला आणि मेणबत्ती किंवा काडी पेटवली तर संपलं. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली जमिनीलगत साठतो. पाइपवाला गॅस हलका, वर छताकडे जातो. दोन्हीत खिडक्या-दारं उघडा, रेग्युलेटर किंवा कॉक बंद करा आणि बटणांना हात लावायचा नाही. चालू बटण बंद पण नाही करायचं, ठिणगी दोन्ही वेळेला पडते. बाहेर जाऊन मग फोन. सिलेंडरसाठी १९०६, दिवसरात्र चालू असतो.

बाणेरचा_बंड्या
हे मला खरंच माहीत नव्हतं. मी वास आला की आधी एक्झॉस्ट फॅन लावायचो.

केतकीचं_बन
देवा.

नारायणपेठी
मुठेच्या पाण्याबद्दल एक. बातमीत "खडकवासल्यातून ३५,००० क्युसेक" आलं की लोक आकडा वाचून पुढे जातात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटरच्या वर. ३५,००० म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ १० लाख लिटर. २०२४ ला एवढं सोडलं होतं. भिडे पूल तर त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातो, ती आमची फुकटची पट्टी. पण धरण फुटल्याचे व्हॉट्सॲप फॉरवर्ड त्या दिवशी आमच्या ग्रुपवर चार वेळा आले, चारही वेळा अर्धा वाडा गच्चीत. तेव्हा बातमी कुठून घ्यायची ते पण योजनेत लिहा. हवामान खात्याचं पान, जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७, एवढं पुरे. काकूंचा ग्रुप नाही.

ओसाकाकर
आकाशातून पडणाऱ्या विजेच्या इशाऱ्यासाठी दामिनी ॲप आहे, आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनेच केलेलं. ट्रेकवाल्यांनी तर घ्यावंच.

तिसरा_मजला
आणि भूकंप? पुण्यात येतो का?

नारायणपेठी
पुणे झोन ३ मध्ये आहे, म्हणजे मध्यम. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा पहाटे इथे चांगला जाणवलेला, वडील सांगतात भांडी मांडणीवरून पडली. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, तो मला स्वतःला आठवतो. पलंगाच्या डोक्याशी जड कपाट असेल तर ते भिंतीला क्लॅम्पने पक्कं करा, काम एका ड्रिलचं आहे.

सेक्रेटरी_बिचारा
सगळं वाचलं. आता माझं रडगाणं ऐका. मी एका अकरा मजली सोसायटीचा सेक्रेटरी आहे (कोणी सांगितलं होतं, हे बायको रोज विचारते). तुम्ही घरात कितीही भरा, इमारतीचं काय? गच्चीच्या दाराला कुलूप, किल्ली वॉचमनकडे, वॉचमन गावाला. रेफ्युज एरियात (आगीच्या वेळी थांबायच्या मोकळ्या जागेत) कोणाचा तरी जुना सोफा आणि दोन सायकली. कायद्याने फायरची यंत्रणा चालू असल्याचं फॉर्म बी दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं, २००६ चा कायदा आहे, पण आमच्या मीटिंगला तो विषय आला की "पुढचा मुद्दा घ्या". जनरेटर आहे, डिझेल कोणी बघत नाही. लिफ्टला एआरडी आहे, म्हणजे लाइट गेली की जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडायला पाहिजे, पण त्याची बॅटरी बदललीये का हे विचारणारा मी एकटा.
एकच गोष्ट जमवली. कागदावर यादी केली: कोणत्या फ्लॅटमध्ये एकटे ज्येष्ठ आहेत, कोण चालू शकत नाही, कोणाकडे ऑक्सिजन मशीन आहे, कोणाची डुप्लिकेट किल्ली कोणाकडे. आणि प्रत्येक नावासमोर शेजारच्या दोघांची नावं, एक घरी नसला तर दुसरा. लाइट गेली की त्यातला एकजण जाऊन दार वाजवतो. गेल्या पावसाळ्यात एक आजी बाथरूममध्ये पडलेल्या सापडल्या त्या यामुळेच. बरं, ग्रुपवर यादी टाकू नका, एकट्या राहणाऱ्यांची माहिती अशी फिरवणं बरं नाही.

गोळीडॉक्टर
सेक्रेटरीसाहेब, या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. डब्यातलं सामान तीन दिवस पुरतं, पण पडलेल्या माणसाला तीन तास पण खूप होतात.

अक्काताई
काय हो, मांजराचं काय करायचं ते पण सांगा कोणी. आमची सोनी टोपलीत बसतच नाही.

केतकीचं_बन
अक्का, टोपली रोज घरात उघडी ठेवा, आत तिची आवडती चादर. पळायच्या दिवशी पहिल्यांदा दाखवली तर ती पलंगाखाली आणि तुम्ही पलंगावर.

स्वराली_के
सगळ्यांना खूप धन्यवाद, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. काल रविवारी बसलो आम्ही चौघं. ठरलं ते असं: पाण्याचे दोन जार आणि अक्काताईंचा डबा स्वयंपाकघरातल्या खालच्या कप्प्यात. दाराच्या खुंटीला छोटी सॅक, त्यात कागद, औषधं, नोटा, टॉर्च, शिट्टी. इन्सुलिनसाठी माठ आणलाय. लेकाने माझा आणि सोलापूरच्या आत्याचा नंबर पाठ केला, बदल्यात त्याला शिट्टी वाजवून बघायची होती, ती वाजवली, खालचे काका वर आले. ११२, १०१, १०८, १९०६, १९१२ फ्रिजवर.
नवऱ्याने यादी वाचली आणि एकच विचारलं, आईला खाली कसं न्यायचं? लिफ्ट बंद, आग लागलीये, मी ऑफिसात. त्याचं उत्तर माझ्या यादीत नाहीये. कोणी सांगेल?

गोळीडॉक्टर
खुर्ची. चार पायांची, पाठ असलेली, मजबूत लाकडी किंवा लोखंडी. प्लॅस्टिकची नको, पाय वाकतात. सासूबाईंना बसवा, कमरेला ओढणी किंवा चादरीने खुर्चीशी बांधा. एकजण मागे, पाठ धरून, खुर्ची थोडी मागे कललेली. एकजण पुढे, खालच्या पायऱ्यांवर, पुढचे पाय धरून. त्यांचं तोंड उतरण्याच्या दिशेला. माणसं दोन हवीतच, म्हणून सेक्रेटरी म्हणाले तशी शेजारच्या दोघांची नावं आत्ताच ठरवा. आधी लेकाला बसवून एक मजला करून बघा.

अरण्येश्वरकर
आणि करताना मोजा जिन्यात किती वेळा अडकता ते. चपलांचे स्टँड, कुंड्या, सायकली. आमच्याकडे वडिलांना नेताना सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला.

सेक्रेटरी_बिचारा
चपलांच्या स्टँडचा विषय काढू नका हो. तीन सभा त्याच्यावर झाल्यात. नोटीस लावली की कोणीतरी तिच्यावर लग्नपत्रिका चिकटवतो. पुणेरीपाटी, तुम्हीच काहीतरी लिहून द्या, झोंबेल असं.

पुणेरीपाटी
घ्या. "हा जिना माणसांना उतरण्यासाठी आहे. आपल्या चपला स्वतःहून उतरू शकत असतील तरच त्या इथे ठेवाव्यात. आग लागल्यास प्रथम चपलांना व नंतर मालकांना वाट दिली जाईल. हुकुमावरून."

सेक्रेटरी_बिचारा
छापायला टाकली. लॅमिनेट करून घेतो, पत्रिका निघते मग.